मदत हवी आहे: मुऱ्हाची लेक आईएवढं दूध देईना, फॅट पण ५.८

नमस्कार मंडळी, शिरोळ तालुक्यातून लिहितोय. घरी चार म्हशी, त्यातली एक मुऱ्हा, हरियाणातनं आलेल्या गाडीतली. तिसऱ्या वेताला दोन्ही वेळचं मिळून १३ लिटर आणि फॅट ७.२ पर्यंत लागायची. तिचीच लेक, कृत्रिम रेतनाची. कांडी (रेड्याच्या गोठवलेल्या वीर्याची नळी) भरताना डॉक्टरांनी कागद दाखवलेला की रेड्याच्या आईचं एका वेताचं दूध ३२०० किलो, त्या आशेवर साडेतीन वर्षं खायला घातलं. दीड महिन्यापूर्वी व्यायली, रेडी झाली आणि दूध किती तर साडेआठ, फॅट ५.८! सहाच्या खाली गेलं की दर कापतात, रोज पावती बघून डोकं फिरतं.

खाणं दोघींना तेच, मका कुट्टी, वाढं, सरकी पेंड. मग कांडी बोगस होती का? वडील म्हणतात आता पंढरपुरी रेडा लावा. त्यात एक जण जीन टेस्ट करा म्हणून मागं लागलाय, म्हैस ए२ (दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार) निघाली की दूध महाग विकेल म्हणे. करू का?

गोठ्यावरचा:
भाऊ, कांडीला लगेच शिव्या घालू नका. लेकीला निम्मं आईकडून, निम्मं बापाकडून येतं, पण त्या निम्म्यात नेमकं काय येईल ते नशीब, सख्ख्या बहिणीत पण दोन-तीन लिटरचा फरक दिसतो. शिवाय म्हशी-म्हशीत दुधाचा जो फरक असतो त्यातला साधारण पाव भागच रक्ताचा, बाकी चारा, पाणी, व्यायल्यावरचे पहिले दोन महिने कसे गेले ते. आणि पहिलारूची तुलना तिसऱ्या वेताशी कशी करता? आईचं पहिलं वेत कुठं बघितलंय तुम्ही. कागदावरचं ३२०० हे रेड्याच्या आईचं, त्याच्या लेकी किती देतात ते विचारा, खरी परीक्षा तीच.

ए२ वाल्याला चहा पाजून वाटेला लावा. म्हशीच्या दुधातलं ते प्रथिन, बीटा केसीन, मुळातच ए२ असतं, टेस्ट करून वेगळं काय निघणार. गाईत फॅट कमीजास्त करणारं डीजीएटी१ नावाचं एक जनुक आहे, म्हशीत त्याचं जास्त फॅटवालंच रूप असतं, त्यामुळं त्याची पण टेस्ट नको.

पशुवैद्यकचा विद्यार्थी:
दादा, फॅटचा टक्का दुधापेक्षा जास्त आनुवंशिक असतो, त्यामुळं ७.२ वालीच्या लेकीला ५.८ लागली तर आधी धार कशी काढता ते बघायला पाहिजे. रेडी शेवटी पाजता का? आणि आईची ७.२ कुठल्या महिन्यातली? दूध ऐन भरात असताना फॅट खाली असते, आटत आलं की चढते.
जीन टेस्टचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ ला वाशिमला महिषचिप (म्हशीची जनुकं तपासायची चिप) आली ती पैदाशीचे रेडे निवडायला, आणि त्यामागं हजारो म्हशींच्या दुधाच्या नोंदी लागतात. एका म्हशीचं भविष्य सांगायला नाही ती.
पंढरपुरीचं म्हणाल तर जनावर गुणी आहे, वेळेवर गाभण राहतं, कोल्हापुरात गंगावेशला गिऱ्हाईकासमोर धार देतं, पण मुऱ्हात मिसळून दूध वाढत नाही. पंढरपुरी पाळायची तर शुद्ध पाळा.

धागाकर्ता:
साहेब, बरोबर पकडलंत. आईची ७.२ सातव्या महिन्यातली, आणि तिचं पारडू दगावलं होतं त्यामुळं कास पूर्ण रिकामी व्हायची. या पहिलारूला मात्र पान्ह्याला रेडी सोडतो, मग धार काढतो आणि शेवटचं सगळं रेडीला. काल सुरुवातीची धार एका बाटलीत आणि अखेरची दुसऱ्या बाटलीत घेऊन संकलन केंद्रावर गेलो, तिथल्या पोराला हातापाया पडून मशीनला लावायला लावल्या. पहिली ३.६, अखेरची १०.४! म्हणजे साय सगळी रेडीच्या पोटात, आणि मी रेड्याच्या आईला नावं ठेवतोय.
आजपासून एक सड रेडीचं, तीन सडं पूर्ण पिळतो. सकाळी ६.५ लागली. दूध किती वाढतंय ते दुसऱ्या वेतालाच कळेल. आता पुढच्या वेळी कांडी घेताना लेकींची नोंद नेमकी कुणाकडं मागायची, डॉक्टरांकडं की दूध संघाकडं?