डीव्हीडी ड्राइव्ह काही डिस्क उघडतो, काही उघडत नाही: दोष ड्राइव्हचा, डिस्कचा की लिनक्सचा?

झाडीचा वाचक (प्रश्न)

नमस्कार. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावात आम्ही काही मंडळी वाचनालय चालवतो. तेथील डेस्कटॉप असेंबल केलेला आहे. त्यात साटा जोडणीचा डीव्हीडी रायटर असून लिनक्स मिंट ही प्रणाली आहे. मंडईत (दिवाळीनंतरच्या आमच्याकडच्या गावजत्रेत) रात्र-रात्र झालेल्या नाटकांचे आणि दंडारीचे (लोकनाट्याचे) चित्रीकरण २००६ ते २०१२ या काळात ज्या शूटिंगवाल्याने केले, त्याने आपल्याकडच्या सगळ्या डिस्क नुकत्याच वाचनालयाच्या स्वाधीन केल्या. त्यांत दिसणारे बरेच कलावंत आता हयात नाहीत, म्हणून हे सारे हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचे आहे. पण काम पहिल्याच पायरीवर अडले.

दुकानातून विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी विनातक्रार उघडतात. शूटिंगवाल्याच्या डीव्हीडींपैकी काही उघडतात, तर काही घातल्यावर 'कोरी डिस्क' असे दिसते; त्यांच्या मागच्या बाजूस लेखन झालेल्या भागाचे गडद वर्तुळ मात्र डोळ्यांना स्पष्ट दिसते. शाळेतील एका सरांनी विंडोज ७ वर तयार केलेल्या, पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडींवर छायाचित्रे आहेत. त्या घातल्या की 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' असा संदेश येऊन गाडी थांबते. सीडी तर एकही चालत नाही, मग ती राष्ट्रसंतांच्या खंजिरी भजनांची असो की एखाद्या सॉफ्टवेअरची. ट्रे आत जातो, थोडी खटखट होते आणि पुढे काहीच घडत नाही.

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर जुना झाला, नवाच घ्या, असे सांगितले. वाचनालयाच्या वर्गणीतून ते शक्य नाही. नेमका दोष कोठे शोधावा?

खंजिरी (तिवसा)

कॉम्प्युटर बदलण्याचे कारण मला दिसत नाही. आपण सांगितलेली लक्षणे एका दोषाची नाहीत, निदान तीन वेगवेगळ्या दोषांची आहेत, आणि ती एकत्र धरल्यामुळेच गोंधळ होतो आहे. डिस्क माउंट होणे, म्हणजे तिच्यावरच्या फाइली उघडता येण्याजोग्या होणे, ही शेवटची पायरी असते. त्याआधी मदरबोर्डला ड्राइव्ह दिसावा लागतो, मग ड्राइव्हला आतली डिस्क ओळखता यावी लागते, आणि त्यानंतर त्या डिस्कवरची फाइल सिस्टीम (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) लिनक्सला कळावी लागते. चित्रपटांच्या डीव्हीडी उघडतात, यावरूनच पहिली पायरी शाबूत असल्याचे सिद्ध होते; बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) शिरून काही बदलण्याच्या फंदात पडू नये.

सरांच्या डीव्हीडींपासून सुरुवात करा, कारण तो दोष सर्वांत सोपा असावा. विंडोज ७ डिस्क तयार करताना 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हप्रमाणे' हा पर्याय देते. तो निवडला की डिस्कवर आयएसओ ९६६० ऐवजी यूडीएफ ही फाइल सिस्टीम तयार होते. लिनक्सला यूडीएफ उत्तम वाचता येते. तरीही 'राँग एफएस टाइप' असा संदेश येत असेल, तर कोणीतरी ईटीसी फोल्डरातील एफएसटॅब (/etc/fstab) या फाइलमध्ये ड्राइव्हसाठी हाताने ओळ घालून ठेवली असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या ओळीत फक्त आयएसओ ९६६० हाच प्रकार लिहिलेला असेल. आजच्या डेस्कटॉपला या ओळीची गरजच नसते. डिस्क घातल्यावर यूडिस्क्स ही सेवा प्रकार ओळखून स्वतः माउंट करते, पण एफएसटॅबमध्ये ओळ असली की ती तिचेच ऐकते. फाइलची प्रत बाजूला ठेवा, एसआर-शून्य (sr0, लिनक्समधले ड्राइव्हचे नाव) किंवा सीडीरॉम असा उल्लेख असलेल्या ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह (#) टाकून ती बंद करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. चुकून हार्ड डिस्कच्या ओळीला हात लावू नका, नाहीतर संगणक सुरूच होणार नाही.

भजनांच्या सीडीविषयी एक खुलासा. ऑडिओ सीडीवर फाइल सिस्टीमच नसते, नुसते ट्रॅक असतात. त्यामुळे ड्राइव्ह अगदी नवा असला तरी ती माउंट होणार नाही. ती 'सीडीपॅरानोया' किंवा तत्सम प्रोग्रामने ट्रॅकवार उतरवून घ्यावी लागते. म्हणून सीडीची परीक्षा करताना सॉफ्टवेअरची सीडीच वापरावी. ती घातल्यावर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) डीमेसेज (dmesg) ही आज्ञा द्या आणि शेवटच्या ओळी येथे कळवा. 'मीडियम नॉट प्रेझेंट' असे आले, तर ड्राइव्हला आत डिस्क आहे हेच कळलेले नाही. 'मीडियम एरर' किंवा 'आय-ओ एरर' आले, तर डिस्क ओळखली आहे पण तिचा काही भाग वाचता येत नाही. या दोहोंवरचे उपाय निरनिराळे आहेत.

सोल्डरगन (मूल)

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त सीडीच्या बाबतीत यंत्राच्या बाजूने भर घालतो.

डीव्हीडी रायटरच्या हेडमध्ये दोन प्रकारचा लेसर असतो. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा आणि सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. यांपैकी एक थकला आणि दुसरा ठीक राहिला, तर ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो पण सीडी वाचत नाही, किंवा याच्या नेमके उलटे होते. दोष केबलचा किंवा प्रणालीचा असता तर त्याने सीडी आणि डीव्हीडी असा भेद केला नसता. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या सीडीलाही 'मीडियम नॉट प्रेझेंट' येत असेल, तर सीडीचा लेसर गेला किंवा लेन्सवर इतकी धूळ बसली आहे की कमकुवत झालेला लेसर फोकस धरू शकत नाही, असे समजावे. आपल्याकडे राईस मिलचा कोंडा आणि धानाच्या मळणीची धूळ कॅबिनेटमध्ये किती जाते, हे मी रोज पाहतो. पंख्याने आत ओढलेली हवा ड्राइव्हच्या फटींतूनही जाते.

सफाई करायची असेल तर संगणकाची वायर भिंतीतून काढा, ड्राइव्ह बाहेर घ्या, समोरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घालून ट्रे मोकळा करा आणि खालचे स्क्रू काढा. लेन्स अतिशय बारीक तारांवर तरंगती बसवलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेला कानाचा बोळा तिच्यावर हलकेच फिरवावा, दाबू नये. ड्राइव्ह उघडा असताना वीज जोडून आत पाहण्याचा मोह टाळा. इन्फ्रारेड किरण दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो.

ड्राइव्ह बाहेर काढलाच आहे तर त्याची वीजजोडणीही तपासा. जुन्या एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात) साटाचा पॉवर कनेक्टर कमी पडतो, म्हणून चार पिनांच्या मोठ्या कनेक्टरवरून कन्व्हर्टर लावलेला असतो. त्या स्वस्त कन्व्हर्टरच्या पिना सैल होतात, प्रसंगी वितळतात. डिस्क फिरवणारी मोटर पिवळ्या वायरीच्या १२ व्होल्टवर चालते आणि इलेक्ट्रॉनिक्स तांबड्या वायरीच्या ५ व्होल्टवर. १२ व्होल्टचा संपर्क कच्चा असेल तर ड्राइव्ह बायोसमध्ये दिसतो, पण डिस्क नीट वेग घेत नाही.

झाडीचा वाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एफएसटॅबमध्ये तशी ओळ खरोखरच होती आणि तीत फक्त आयएसओ ९६६० होते. ती बंद करताच सरांच्या सर्व डीव्हीडी उघडल्या. लेन्स साफ केली, कनेक्टर घट्ट आहे. तरी सॉफ्टवेअरच्या सीडीला अजूनही 'मीडियम नॉट प्रेझेंट' हेच येते. म्हणजे सीडीचा लेसर गेला असे धरून चालतो.

आता प्रश्न राहिला तो 'कोऱ्या' दिसणाऱ्या डीव्हीडींचा, आणि खरा ठेवा त्यांतच आहे. शूटिंगवाले भाऊ सांगतात, की कॅमेरा थेट डीव्हीडी रेकॉर्डरला जोडून या डिस्क तयार केल्या आणि त्याच रेकॉर्डरवर गावकऱ्यांना दाखवल्याही होत्या. डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू मीडियाइन्फो ही आज्ञा चालवली असता डिस्कची स्थिती 'अपेंडेबल' (पुढे आणखी लिहिता येईल अशी) येते.

पऱ्हाटी (दारव्हा)

'अपेंडेबल' या शब्दातच उत्तर आहे. डिस्क कोरी नाही, ती बंद केलेली नाही. रेकॉर्डरवर चित्रीकरण संपल्यावर 'फायनलाइज' हा पर्याय निवडावा लागतो. तेव्हा कोठे डिस्कची अनुक्रमणिका आणि शेवटची खूण लिहिली जाते. मंडईच्या रात्री पहाटेपर्यंत शूटिंग चालल्यावर हे राहून जाणे स्वाभाविक आहे. ज्या रेकॉर्डरने डिस्क लिहिली त्याला आपला अर्धवट हिशेब कळतो, म्हणून त्याच्यावर ती दिसते. संगणकाला मात्र वाचण्याजोगी फाइल सिस्टीम सापडत नाही आणि तो तिला कोरी समजतो.

सर्वांत आधी एक गोष्ट कटाक्षाने पाळा. 'कोरी डिस्क' म्हणून जी खिडकी उघडते, तीत बर्न किंवा फॉरमॅट असे काहीही निवडू नका. वाचनालयात मुले संगणक वापरत असतील तर या डिस्क त्यांच्या हाती लागू देऊ नका.

त्यानंतर शूटिंगवाल्या भाऊंचा रेकॉर्डर अजून चालू आहे का, हे पाहा. चालू असेल तर निम्मे काम झाले. रेकॉर्डरचा ऑडिओ-व्हिडिओ आउट संगणकाच्या कॅप्चर उपकरणाला (बाहेरचा व्हिडिओ संगणकात उतरवणाऱ्या उपकरणाला) जोडून आधी प्रत्येक डिस्कची चालती प्रत घ्या. दर्जा थोडा उतरेल, पण काहीतरी हाती राहील. मगच, सर्वांत कमी महत्त्वाच्या डिस्कपासून सुरुवात करून, त्याच यंत्रावर फायनलाइज करा. मी हा क्रम मुद्दाम सांगतो आहे, कारण फायनलाइज करणे म्हणजे डिस्कवर पुन्हा लिहिणे; कित्येक वर्षे पडून राहिलेल्या डिस्कवर आणि थकलेल्या लेसरवर ते मध्येच फसू शकते. शिवाय त्या वेळी लाइन जाणे परवडणार नाही, म्हणून रेकॉर्डर इन्व्हर्टरवर ठेवा.

रेकॉर्डर मोडीत गेला असेल, तर विंडोज असलेल्या एखाद्या संगणकावर आयसोबस्टर हा प्रोग्राम वापरून पाहा. बंद न केलेल्या व्हिडिओ डीव्हीडीतील चित्रीकरण शोधून काढणे त्याला जमते.

फायनलाइज झालेल्या डिस्कमध्ये सहसा व्हिडिओ-टीएस नावाचा फोल्डर दिसेल. तो अखंड उतरवून घ्या, त्यातील व्हीओबी फाइली सुट्या उचलू नका. काही रेकॉर्डर मात्र वेगळ्या पद्धतीने लिहितात आणि डीव्हीडी-आरटीएव्ही नावाच्या फोल्डरात व्हीआरओ फाइल ठेवतात. ती पाहून गोंधळू नये. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ती चालते.

झाडीचा वाचक

रेकॉर्डर भाऊंच्या घरी माळ्यावर आहे आणि सुरू होतो. कॅप्चरचे उपकरण गोंदियाहून मागवतो. ज्या डिस्क उघडतात पण मध्येच 'आय-ओ एरर' देऊन अडकतात, त्यांचे काय करावे? आणि सीडीसाठी बाहेरून जोडण्याचा यूएसबी ड्राइव्ह घ्यावा का?

सोल्डरगन (मूल)

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. यूएसबी ड्राइव्ह घ्याच. सीडी वाचण्यासाठी तो लागेलच, आणि अडकणाऱ्या डिस्कसाठी दुसरा ड्राइव्ह हाच मोठा आधार असतो. ओरखडा किंवा पुसट झालेला डाग एका ड्राइव्हला वाचता येत नाही तो दुसऱ्याला कित्येकदा येतो.

अशा डिस्क माउंट करून फाइली ओढू नका; आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रतिमा (एकाच फाइलमध्ये हुबेहूब प्रत) घ्या. ब्लॉकचा आकार २०४८ द्या, कारण डेटा डिस्कचा सेक्टर (वाचनाचा सर्वांत लहान तुकडा) तेवढ्याच बाइटचा असतो, आणि मॅपफाइलचे नाव द्यायला विसरू नका. कोणते सेक्टर वाचले गेले आणि कोणते राहिले याची नोंद त्या मॅपफाइलमध्ये राहते. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून, तीच प्रतिमा व तीच मॅपफाइल देऊन आज्ञा पुन्हा चालवली, की प्रोग्राम फक्त राहिलेले सेक्टर वाचायला जातो. नवा ड्राइव्ह लिनक्समध्ये बहुधा एसआर-एक म्हणून दिसेल, तेव्हा आज्ञेत नाव बदला.

डिस्क पुसताना मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नव्हे. सीडीची छापील बाजू जास्त जपा. तिच्यातील परावर्तक थर त्याच बाजूच्या पातळ लेपाखाली असतो आणि तेथे ओरखडा पडला तर कोणताही ड्राइव्ह काही करू शकत नाही. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो.

यूएसबी ड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या पोर्टांना जोडा. पुढच्या पोर्टांपर्यंत जाणारी आतली केबल बारीक असते, डिस्क वेग घेताना वीज कमी पडते आणि ड्राइव्ह अधूनमधून दिसेनासा होतो.