आघाडी अटळ असेल तर मत कोणाला?

प्रश्न: कोणालाच बहुमत मिळणार नाही हे दिसत असताना मतदार आवडत्या पक्षाला मत देतो, की संभाव्य आघाडीचा अंदाज बांधून?

उत्तर १: दोन्ही घडते. जर्मनीत पाच टक्क्यांहून कमी मते मिळालेल्या पक्षाला सहसा सभागृहात जागा मिळत नाहीत; म्हणून मोठ्या पक्षाचे काही समर्थक लहान मित्रपक्षाला मत ‘उसने’ देतात. जानेवारी २०१३ मध्ये लोअर सॅक्सनी या राज्यात एफडीपी या लहान पक्षाला ९.९ टक्के मते मिळाली, तरी सीडीयू या मोठ्या मित्रपक्षासह त्यांची आघाडी एका जागेने मागे पडली. सप्टेंबरच्या राष्ट्रीय निवडणुकीत तोच पक्ष ४.८ टक्क्यांवर अडकून संसदेबाहेर गेला. उसनवारीचा भरवसा कितीसा धरावा?

उत्तर २: हा हिशेब युती आधी जाहीर झाली असेल तरच जमतो. शिवाय चार पक्षांच्या सरकारात चूक नेमकी कोणाची हे कळत नसल्याने राग बहुधा पंतप्रधानांच्या पक्षावर निघतो.