‘ब्लॉकबस्टर’ रांगेतून आला की बॉम्बमधून?

चर्चाप्रस्ताव
तिकिटांची रांग चौकाला वळसा घालून पलीकडच्या रस्त्यापर्यंत जाई, म्हणून गर्दी खेचणाऱ्या चित्रपटाला ‘ब्लॉकबस्टर’ म्हणू लागले, असे ठामपणे सांगितले जाते. ही व्युत्पत्ती चुकीची आहे. १९४१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने जर्मनीतील एम्डेन शहरावर सुमारे १,८०० किलो वजनाचा, पातळ पत्र्याचा, पिंपाच्या आकाराचा बॉम्ब प्रथम टाकला. घरांची कौले उडवून आणि खिडक्या फोडून, सोबत टाकलेल्या आगलाव्या बॉम्बना आत वाट करून देणे हे त्याचे काम होते. चार रस्त्यांमधला घरांचा अख्खा गट, म्हणजे अमेरिकी बोलीतला ‘ब्लॉक’, उद्ध्वस्त करणारा म्हणून वृत्तपत्रांनी त्याला हे नाव दिले. १९४३ मध्ये ते हॉलिवूडच्या जाहिरातीत आले, तेही बॉम्बफेकी विमानांतील सैनिकांवरच्या चित्रपटासाठी. ज्या नावाखाली माणसे आपल्याच घरात गाडली गेली, ते आनंदाच्या बातमीत वापरणे मला पटत नाही. आपण ‘तुफान गाजलेला’ म्हणावे.

प्रतिसाद १
व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष अमान्य. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या, घरांची छपरे नेली; तरी ‘तुफान’ आपल्याला चालतो. ‘धमाका’ आणि ‘धुमाकूळ’ तरी कुठे सोज्ज्वळ आहेत? शिवाय औषधनिर्मितीत वर्षाला १०० कोटी डॉलरहून अधिक विक्री होणाऱ्या औषधाला ‘ब्लॉकबस्टर’ म्हणतात. तिथे तो मोजमापाचा शब्द झाला आहे, आणि तो वापरणाऱ्याच्या मनात बॉम्ब नसतो.

प्रतिसाद २
मी प्रस्तावकांच्या बाजूने आहे, कारण या शब्दाला आणखी एक काळी बाजू आहे. अमेरिकेत घरांचे दलाल ‘आता या वस्तीत कृष्णवर्णीय येणार’ अशी भीती घालून गोऱ्या मालकांची घरे मातीमोलाने घेत आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या भावाने विकत. त्या धंद्याला ‘ब्लॉकबस्टिंग’ म्हणत, आणि १९६८ च्या कायद्याने त्याला बंदी घातली. मुंबईकराला ‘ब्लॉक’ म्हटले की दोन खोल्यांचे घर किंवा रविवारचा मेगाब्लॉक आठवतो, त्यामुळे यातले काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

प्रतिसाद १
पोहोचत नाही, म्हणूनच तो मराठीत निर्दोष आहे. ‘गल्लाभरू’ म्हणावे तर त्यात हेटाळणी येते, आणि रौप्यमहोत्सव पंचवीस आठवडे चालल्याशिवाय म्हणता येत नाही. पहिल्याच आठवड्यातल्या यशाला दुसरा नेमका शब्द सुचवा.

प्रस्तावक
‘तुफान’बद्दलचा आक्षेप विचार करायला लावणारा आहे, पण वादळ कोणी नेम धरून टाकत नाही, बॉम्ब टाकतात. पहिल्या आठवड्यासाठी मी ‘सर्व खेळ हाउसफुल्ल’ असे लिहीन. हा शब्दही परकाच आहे, मात्र थिएटरबाहेरच्या फलकावर तो आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलो आहोत, आणि त्याचा अर्थ खुर्च्या भरल्या एवढाच होतो.