जुन्या फोटोतल्या अनोळखी माणसांच्या गोष्टी आपण रचाव्यात का?

माडाची_सावली

मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या आजोळी घर आवरायला गेले होते, मामाला आता तिथे एकट्याने राहणं जमत नाही म्हणून घर बंद करतोय. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत तीसेक फोटो, काही कसरीने खाल्लेले, काहींवर बुरशी. चार-पाच चेहरे मामाने ओळखले, बाकीच्यांना "कोण की" म्हणाला आणि मग म्हणाला जाळून टाकू, ठेवून काय करायचंय. मी सगळे पुण्याला घेऊन आले.

त्यातला एक माझ्या टेबलावर आहे. नऊवारीतली विशी-बाविशीची बाई, शेजारी कोरीव हातांच्या खुर्चीवर उभा केलेला तीन-चार वर्षांचा मुलगा, अंगात मापाहून मोठा कोट. बाईने त्याचा दंड इतका घट्ट धरलाय की कोटाला चुण्या पडल्यात. मला वाटतं नवरा मुंबईला गिरणीत असणार, पावसाळाभर बोटी बंद म्हणजे चार महिने येणं-जाणं नाही, आली तर मनिऑर्डर, तर पोरगा केवढा झाला ते त्याला कळावं म्हणून हा फोटो काढून पाठवला असेल. आणि मग तो घरी परत कसा आला, तर नवऱ्याच्या ट्रंकेबरोबर, नवऱ्याशिवाय. इथपर्यंत मी येते आणि पुढे विचार करवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की ज्यांचं नाव सांगणारं कोणी उरलं नाही त्यांच्याबद्दल निदान एवढा विचार तरी कोणी करावा. तुम्हाला काय वाटतं?

रेवस_बंदर

ताई, मला पटत नाही, आणि कारण घरचंच आहे. आमच्या काकांकडे एक फोटो होता, धोतर-कोटातला माणूस आणि मागे बोट. कोणीतरी कधीतरी म्हणालं हा रामदास बोटीत गेला. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली, आमच्या पट्ट्यात अजून ती तारीख सांगावी लागत नाही. तर त्या माणसाची गोष्ट वाढत गेली, पगार घेऊन घरी निघाला होता, बायको धक्क्यावर वाट बघत होती, आषाढ अमावास्येला त्या फोटोपुढे दिवा लागायला लागला. बऱ्याच वर्षांनी लग्नाच्या निमित्ताने घरी आलेल्या एका पाहुणीने फोटो बघितला आणि म्हणाली हे तर माझे आजोबा, मुरूडला त्यांचं दुकान होतं, म्हातारे होऊन गेले. मागची बोट म्हणजे स्टुडिओतला रंगवलेला पडदा. ती रडली. "एवढी वर्षं तुम्ही त्यांना मारून ठेवलंत" म्हणाली. तेव्हापासून मी कोणाच्याच फोटोवर काही रचत नाही.

थिबा_पॉइंट

पण दिवा लावला त्यात वाईट काय झालं? मी रत्नागिरीचा. आमच्याकडे ब्रह्मदेशचा थिबा राजा कैदी म्हणून १८८६ ला आला, १९१० ला त्याच्यासाठी राजवाडा बांधला, १९१६ ला इथेच वारला. त्याचं सगळं लिहिलेलं आहे, पेन्शन किती, तक्रारी कुठल्या, अर्ज कोणाला. त्याच्याबरोबर ज्या दासी इतक्या लांब आल्या त्यांचं काय सापडतं? त्यांना इथला पाऊस कसा वाटला असेल, मासळी बाजारात भाषा न येता भाव कसा केला असेल, हे कल्पनेशिवाय कोण सांगणार? कागद नाही म्हणून विचारही करायचा नाही, असं केलं तर फक्त राजेच उरतात.

रेवस_बंदर

दादा, "कसा वाटला असेल" आणि "नवरा मेला" यात फरक आहे. पहिला प्रश्न आहे. दुसरा निकाल.

उत्तरेचा_उजेड

वडिलांचा स्टुडिओ होता म्हणून लिहितेय, ताई राग मानू नका. तो कोट बहुतेक मुलाचा नाहीच. स्टुडिओत खुंटीला एक-दोन कोट, टोपी, छत्री, एखादं जाडजूड पुस्तक ठेवलेलं असायचं, ज्याला हवं तो घालून बसायचा, त्यामुळे कपड्यांवरून श्रीमंती-गरिबी काढायला जाऊ नका. आणि दंड घट्ट धरलाय त्याचं कारण फोटोग्राफरने सांगितलं असणार, "पोराला हलू देऊ नका". दिवसाच्या उजेडावर फोटो काढायचे तेव्हा लेन्स जरा जास्त वेळ उघडी ठेवावी लागायची, पोर हललं की चेहरा पुसट, प्लेट फुकट आणि पैसे गेले. जुन्या फोटोंत कोणी हसत का नाही त्यामागेही हे एक कारण आहेच.

माडाची_सावली

राग नाही, उलट हे वाचून मी परत फोटो बघितला. मुलाचा चेहरा एकदम स्पष्ट आहे, बाईचा किंचित हललेला. म्हणजे त्याला धरून ठेवताना तीच हलली. हे मला आधी दिसलंच नव्हतं. सांगितलं म्हणून धरलं असेल, कबूल, पण धरलं तर तिनेच ना.

करवंदाची_जाळी

मी रेवसकरांच्या बाजूने. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने १८६३ ते १८६६ मध्ये मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या माणसांचे फोटो पुस्तकात छापले. माणसं एकीकडे उभी करून काढलेली आणि मागची देवळं, रस्ते दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून जोडलेले. खाली माणसाचं नाव नाही, जात किंवा धंदा. बघणाऱ्यानेच ठरवलं हा कोण. आपण मायेने करतो म्हणून ते वेगळं होत नाही. तुमच्या गोष्टीतली बाई बघा, सोसणारी, वाट बघणारी, विधवा. आपल्याला कोकणातली बाई म्हटलं की दुसरं सुचतच नाही. ती भांडकुदळ असेल, सावकारी करत असेल, त्या दिवशी फोटो काढायची हौस तिचीच असेल!

थिबा_पॉइंट

मग तुम्ही पण कल्पनाच केलीत की :) आणि मला तुमची जास्त आवडली.

करवंदाची_जाळी

केली, पण तीन केल्या. एकीला चिकटून बसले नाही. माझा आक्षेप चिकटण्याला आहे.

उत्तरेचा_उजेड

वाद चालू द्या, पण ताई, आधी फोटो वाचवा. पावसाळ्यात उघडे ठेवू नका, लॅमिनेशन चुकूनही नको, काचेला थेट चिकटवू नका, बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका. आणि जे कळेल ते मागे मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा, बॉलपेनने नाही, शाई पुढे उतरते.

रेवस_बंदर

आणि रचण्याआधी विचारा. गणपतीला चाकरमानी येतील, वाडीतल्या म्हाताऱ्या आरतीला येतील, फोटो ओटीवर मांडून ठेवा. ज्यांना आठवतंय त्या अजून दोन-चार वर्षंच असतील.

माडाची_सावली

गणपती करून आले. शेवटचाच त्या घरातला. फोटो ओटीवर मांडले होते. नव्वदीच्या एक काकी शेजारच्या वाडीतून नातवाच्या बाइकवर बसून आल्या, प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला, या फोटोशी खूप वेळ थांबल्या. माझ्या छातीत धडधड. मग म्हणाल्या, "ही खुर्ची माका म्हायत आसा. हेच्यार मी बसललंय." माणसं? "ती माका म्हायत नाय गो."

त्यांचा फोटो लग्नाआधी काढलेला, वेंगुर्ल्याच्या बाजाराजवळच्या स्टुडिओत, खुर्चीच्या हातांवर सिंहाची तोंडं होती आणि त्यांनी पूर्ण वेळ एका सिंहाच्या तोंडात बोट घालून ठेवलं होतं. मी लगेच बघितलं. आमच्या फोटोत एक तोंड मुलाच्या पायामागे आहे, दुसरं दिसतंय.

नवऱ्याचं काहीच कळलं नाही. ट्रंकेची गोष्ट मी मनातून काढून टाकायचा प्रयत्न करतेय, पूर्ण जात नाही.

रेवस_बंदर

मागे लिहिलंत का?

माडाची_सावली

हो. "खुर्ची वेंगुर्ल्याच्या स्टुडिओतली, काकींनी ओळखली. बाई आणि मुलगा कोण ते माहीत नाही." पेन्सिलने.