दिल्लीचं उद्यान छान आहे, पण आमच्या तलावाले कुंपण कायले?

बांधीवाला:
परवा इथं एका दादानं लिहिलं की दिल्लीच्या यमुना जैवविविधता उद्यानात जाऊन आलो, पायवाटेवरून बदकं पाह्यली, आता आपले भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव पण तसेच करा, पाळीले कुंपण घाला, ढोरं अन् मासेमारी बंद करा. वाचून डोकं गरम झालं म्हणून लांब लिहितो. ते उद्यान मी पाह्यलं आहे, पोराच्या परीक्षेसाठी गेलो होतो तेव्हा. वजिराबादजवळ ४५७ एकर, दिल्ली विद्यापीठाच्या लोकांनी शून्यातून उभं केलं, देशी झाडं लावली, काम एक नंबर. पण त्या पाण्याची कोणाची बांधी, म्हणजे धानाचं शेत, वाट पाहत नाही. आमचे तलाव कोहळी लोकांनी धानासाठी बांधले, अजून तुडुमातून (पाळीतल्या मोरीतून) पाणी सुटते तेव्हा रोवणा होते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, पण गावाचा निस्तार, म्हणजे पाणी वापरायचा जुना हक्क, तर गेला नाही ना? म्हशी कुठं बसवायच्या मग? अन् पक्ष्यांचंच म्हणाल तर गोंदियात सारस धानाच्या बांधीत अंडी घालतो, तिथं शेतकरी रोज चिखलात उभा असते, कुंपण नाही.

साकोलीचा_पुण्यात:
तो दादा मीच. माझ्या गावच्या तलावात आम्ही लहानपणी कमळाचे देठ तोडायचो, आता अर्ध्या तलावात नुसतं बेशरमचं झुडूप, पाणीच दिसत नाही. वापरणाऱ्यांनी सांभाळलं असतं तर ही पाळी आली असती का? दिल्लीत निदान कोणीतरी कामाला हात घातला.

ढिवराची_लेक:
सांभाळलं नाही म्हणता? माह्या बापाचं अख्खं आयुष्य त्या पाण्यात गेलं. आमच्या तलावात सरकारी योजनेतून ग्रास कार्प अन् सिपर्नस या बाहेरच्या माशांचं बीज टाकलं, आम्हाले कोणी विचारलंसुद्धा नाही. एकानं चिला, म्हणजे पाण्याखालचं गवत, खाऊन साफ केला, दुसऱ्यानं तळाचा गाळ उकरून पाणी गढूळ केलं. देवधान (तलावातलं रानटी धान) गेलं, शिंगाडा गेला, मग मरळ अंडी कुठं घालन? बापाच्या जाळ्यात सांजेले पावभर मासे यायचे. पक्षी पण तेव्हाच गेले, म्हशींनी नाही हाकलले.

मत्स्यवाला_चंद्रपूर:
ताई, मरळीवर भावनिक होऊन पोट भरत नाही. रोहू-कतला वर्षात किलोभर होतात, व्यापारी दारात येतो. ग्रास कार्प तर टाकतातच गवत कमी करायले. मी शिकलो आहे हे.

ढिवराची_लेक:
शिकले असाल तर हेही शिकवलं असन की रोहू-कतला तलावाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, दरवर्षी बीज विकत घ्या, पाऊस कमी झाला की पैसे पाण्यात. मरळ, मांगूर आपलं आपण वाढते, बीजाले एक रुपया नाही. अन् गवत कमी करायचं कोणी सांगितलं? तेच तर मासोळीचं घर आहे! पुस्तकातला हिशेब माह्या मायले सांगा, कर्ज तिनं फेडलं आहे.

मत्स्यवाला_चंद्रपूर:
आवाज चढवायची गरज नाही. आमच्या घरी पण मासेमारांची सोसायटीच आहे, मोठ्या तलावात रोहूवरच चालते. बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, ग्रास कार्प नको, एवढं मानतो. पुढचं मानत नाही.

बांधीवाला:
मासोळी-मासोळी करता करता खोलीकरण राहूनच गेलं. आमच्या बोडीत ठेकेदारानं जेसीबी लावला अन् उथळ काठ उभा कापला, खड्डा झाला नुसता. कमळपक्षी पानावर घरटं करते, पान उथळात असते, काठ कापल्यावर तो जाईल कुठं? त्या वर्षी एक म्हैस पण घसरून बुडाली आमची. गाळ काढा ना, आम्हीच शेतात नेऊ, पण उतार ठेवा.

साकोलीचा_पुण्यात:
कुंपणाचं मागे घेतो. ग्रास कार्पचं मला खरंच माहीत नव्हतं. पण पायवाट पाहिजेच, पोरांनी पक्षी कुठून पाहायचे?

बांधीवाला:
पाळ आहे ना बापा, शंभर-दोनशे वर्षांपासून लोक तिच्यावरूनच चालून राह्यले. तिच्यावरचं बेशरम काढा फक्त.

ढिवराची_लेक:
आमच्या गावच्या बायांनी दोन उन्हाळे तेच केलं. पाणी उतरलं की बुडासकट उपटायचं अन् दूर नेऊन वाळवायचं. एक कांडी ओल्या पाळीवर राह्यली तरी पावसात फुटते. मग नांगरलेल्या गाळात पाऊस लागल्यावर दुसऱ्या तलावातला चिला अन् देवधान आणून मुठीमुठीनं रोवलं, धान रोवतो तसं कमरेत वाकून. आता अडई बदकांचे थवे सकाळी उतरतात, जाळ्यात मरळ येते. पुण्याच्या दादा, मे महिन्यात या, जुने कपडे घाला, बेशरमचा चीक धुतल्यानं जात नाही.

साकोलीचा_पुण्यात:
येतो. आमच्या तलावासाठी थोडा चिला द्याल का?

ढिवराची_लेक:
पावसाळ्यात. आधी ग्रास कार्प काढा.