मदत हवी आहे: थोरियमच्या मेंटलजवळ मीटर ५ दाखवतो, तो डोस खरा धरायचा का?

जिज्ञासू०७:
गॅसबत्तीचं जुनं थोरियमवालं (म्हणजे किरणोत्सारी) मेंटल, ज्योतीवरची झळकणारी जाळी, प्लास्टिकच्या पिशवीत बंद आहे. किरणोत्सार मोजायच्या मीटरमध्ये एसबीएम-२० ही गायगर ट्यूब. खोलीत मिनिटाला २४ काउंट (ट्यूबने टिपलेली किरणं), मेंटलला टेकवून ९००, पडद्यावर ५.१ मायक्रोसीव्हर्ट/तास (डोसचं एकक). ३० सेंमीवर आकडा जवळजवळ खोलीइतकाच. ५.१ खरा का? आणि यावरून बेकरेल (सेकंदाला किती अणू विघटित होतात) काढता येतील का?

बीटागॅमा:
खरा नाही. मीटर फक्त काउंट मोजतो आणि ठरावीक गुणकाने गुणतो (तुमच्या आकड्यांवरून ०.००५७). हा गुणक सहसा सीझियम-१३७ च्या ६६२ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) गॅमासाठी असतो. ट्यूबच्या पातळ पोलादी कवचात अल्फा कण अडतात, पण जोरकस बीटा (वेगवान इलेक्ट्रॉन) आत शिरतात, आणि शिरलेला जवळपास प्रत्येक बीटा मोजला जातो. गॅमा शंभरात एखादाच. म्हणून आकडा फुगतो.

मेंटल आणि ट्यूबच्या मध्ये ५ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवा. थोरियमच्या क्षयातून ओळीने तयार होणाऱ्या मालिकेतल्या बिस्मथ-२१२ चे बीटा २.२५ एमईव्हीपर्यंत (१ एमईव्ही = १००० केईव्ही) असतात, त्यांना १-२ मिमी पुरत नाही. तेवढ्याच अंतरावर पत्र्याशिवायही मोजा, नाहीतर फरक पत्र्याचा की अंतराचा ते कळणार नाही. प्रत्येक वेळी किमान १० मिनिटं.

जिज्ञासू०७:
पत्र्यासकट १० मिनिटांत ४२०. पत्रा तसाच ठेवून मेंटल काढलं तर २४०. तेवढ्याच अंतरावर पत्र्याशिवाय मात्र आकडा कितीतरी जास्त.

बीटागॅमा:
म्हणजे बहुतेक काउंट बीटाचेच होते. निव्वळ १८०, अनिश्चितता √(४२०+२४०), म्हणजे सुमारे २६. मिनिटाला १८ ± २.६, म्हणजे गॅमा डोस ताशी ०.१ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास. एकच मिनिट मोजलं असतं तर १८ ± ८ आलं असतं, त्यावरून काही बोलण्यात अर्थ नाही. हाही अंदाजच, कारण मालिकेतल्या गॅमांच्या ऊर्जा वेगवेगळ्या आहेत. त्वचेला बीटाचा डोस मिळतो तो वेगळा. तो ना ५.१ सांगतो, ना ०.१.

वर्णपट:
बेकरेलचं सोडून द्या. त्यासाठी त्याच आकाराचा, त्याच समस्थानिकाचा, माहीत सक्रियतेचा स्रोत तुलनेला लागतो. पोटॅशियम क्लोराइड (१०० ग्रॅममध्ये सुमारे १६०० बेकरेल) मीटर जिवंत आहे का ते बघायला छान, पण त्याची कार्यक्षमता (किती विघटनांमागे किती काउंट) थोरियमला लावू नका. सोडियम आयोडाइडचा स्पेक्ट्रोमीटर (गॅमा ऊर्जेनुसार वेगळे मोजणारं उपकरण) असला तरी एक खोच आहे: थोरियम शुद्ध करताना रेडियम-२२८ वेगळं होतं आणि त्याचं अर्धायुष्य ५.७५ वर्षं, त्यामुळे मेंटल बनल्यावर कित्येक वर्षं, मालिकेत रेडियमनंतर येणाऱ्या थॅलियम-२०८ च्या शिखरावरून थोरियमचा हिशेब चुकतो.

पिशवी फाटू देऊ नका, धूळ श्वासात जाणं हा खरा धोका. फाटलीच, तर थोरॉन (मालिकेतला किरणोत्सारी वायू) बाहेर येऊन त्यापासून बनणारं शिसे-२१२ ट्यूबवर बसतं आणि खोलीचे २४ वाढलेले दिसतात. मेंटल दूर ठेवून दोन दिवसांनी पुन्हा मोजा. उतरले तर शिसे-२१२ (अर्धायुष्य १०.६ तास), नाही उतरले तर ट्यूबला मेंटलची धूळ लागली आहे, हातमोजे घालून ओल्या कपड्याने पुसा.