कायमची बंद म्हणून जाहीर झालेली अणुभट्टी पुन्हा सुरू करताना नियामक नेमके काय तपासतो?

प्रश्न : कोथरूडचा वाचक

नमस्कार. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिकांच्या वाचनगटात पुढच्या गुरुवारी विषय मांडण्याची पाळी माझी आहे. मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे अणुविखंडन समजावून सांगण्याची मला अडचण नाही. परवानगी आणि देखरेख या बाजूची माहिती मात्र तोकडी आहे, म्हणून येथे विचारतो.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील पॅलिसेड्स हे सुमारे ८०० मेगावॅटचे अणुवीज केंद्र मे २०२२ मध्ये बंद झाले. अणुभट्टीतील इंधन काढून घेण्यात आले आणि केंद्र मोडीत काढण्यासाठी होल्टेक या कंपनीकडे गेले. पुढे त्याच कंपनीने ते पुन्हा चालवण्याची परवानगी मागितली आणि २०२५ च्या जुलैमध्ये तिथल्या नियामक आयोगाने त्यासाठी लागणाऱ्या मुख्य मंजुऱ्या दिल्या. २०१९ मध्ये बंद झालेले थ्री माइल आयलंडचे पहिले युनिट आणि २०२० मध्ये बंद झालेले आयोवामधील ड्युएन अर्नोल्ड ही केंद्रेही त्याच वाटेवर आहेत. त्यांची वीज घेण्याचे करार अनुक्रमे मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांनी केले आहेत.

माझी शंका अशी की, केंद्र कायमचे बंद केल्याचे मालकाने लिहून दिल्यावर परवाना संपत कसा नाही? शिवाय पुन्हा चालवायचे नाही असे ठरवून ज्या यंत्राची देखभाल सोडून दिली, ते यंत्र सुरक्षित आहे हे नियामक कशावरून ठरवतो? आपल्या तारापूरची १९६९ पासूनची पहिली दोन युनिट्स २०२० मध्ये दीर्घ दुरुस्तीसाठी थांबवली गेली, हेही मनात आहे. आपल्याकडे हा निर्णय कोण घेते आणि त्याचा आधार सामान्य नागरिकाला पाहता येतो का?

उत्तर : शिवाजीनगरचा वकील

परवान्याविषयी आधी लिहितो, कारण त्यात बराच गैरसमज आहे. अमेरिकी नियमांनुसार मालकाने दोन गोष्टी लेखी प्रमाणित करायच्या असतात : केंद्र कायमचे थांबवले आहे आणि इंधन अणुभट्टीतून कायमचे काढले आहे. ही दोन्ही प्रमाणपत्रे दाखल झाली की अणुभट्टी चालवण्याचा आणि तिच्यात इंधन भरण्याचा अधिकार संपतो, परवाना मात्र उरतो. तो उरलाच पाहिजे, कारण वापरलेले इंधन आणि किरणोत्सारी झालेली बांधणी यांची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर राहायला हवी. परवाना संपला असता तर ही जबाबदारीही बेवारस झाली असती.

अडचण पुढे आहे. त्या नियमांत बंद होण्याची वाट लिहिलेली होती, परत येण्याची नव्हती. ती स्पष्टपणे लिहावी, अशी मागणी करणारा अर्ज नियामक आयोगाने २०२१ मध्ये फेटाळला आणि असे प्रकरण आलेच तर उपलब्ध तरतुदींच्या आधारे ते त्या त्या वेळी तपासता येईल, अशी भूमिका घेतली. त्यामुळे पॅलिसेड्सच्या वेळी मार्ग निघाला तो सवलतीचा : अधिकार काढून घेणाऱ्या त्या एका कलमातून सूट, आणि सोबत जुन्या तांत्रिक अटी, आपत्कालीन योजना व सुरक्षा योजना परत लागू करणाऱ्या परवाना-दुरुस्त्या.

हे बेकायदा आहे असे मी म्हणणार नाही, पण मला ते रुचत नाही. नियम आधी केला असता तर कोणत्या कसोट्या लावायच्या, यावर हरकती घेऊन चर्चा झाली असती आणि त्या वेळी कोणाचेही पैसे अडकलेले नसते. येथे मात्र अर्ज आला तेव्हा अमेरिकेच्या संघीय सरकारचे सुमारे दीड अब्ज डॉलरचे कर्जही पुढे येऊ घातले होते आणि कसोट्या ठरवण्याचे काम त्याच प्रकरणाच्या ओघात करावे लागले. त्या केंद्राच्या परवान्याची मुदतही २०३१ पर्यंतचीच आहे, म्हणजे सुरू झाल्यानंतर थोड्याच वर्षांत मुदतवाढीचा प्रश्न पुन्हा त्याच आयोगापुढे येणार.

जपानचे उदाहरण वाचनगटात आवर्जून सांगावे. तेथील बहुतेक अणुभट्ट्या कायमच्या बंद म्हणून जाहीर झालेल्या नव्हत्या, फुकुशिमानंतर त्या थांबवलेल्या होत्या, हा फरक ध्यानात घ्यावा. परंतु तेथे २०१२ मध्ये नवे नियामक प्राधिकरण आले, जुलै २०१३ मध्ये नवे निकष लागू झाले आणि मगच एकेक अर्ज तपासला जाऊ लागला. सेंदाईचे पहिले युनिट ऑगस्ट २०१५ मध्ये सुरू झाले. याउलट त्सुरुगाच्या दुसऱ्या युनिटला, त्याच्याखाली सक्रिय भ्रंश (भूकंप घडवू शकणारी जमिनीतील भेग) असण्याची शक्यता नाकारता येत नाही म्हणून, २०२४ मध्ये परवानगी नाकारली गेली. ज्या प्रक्रियेतून ‘नाही’ हे उत्तर कधी निघालेच नाही, तिच्या ‘हो’वर विश्वास ठेवणे मला कठीण जाते.

उत्तर : चिंचवडचा निवृत्त यंत्र अभियंता

मी अणुकेंद्रात काम केलेले नाही. भोसरी आणि चिंचवड परिसरातील कारखान्यांत बाष्पक (बॉयलर), उष्णता-विनिमयक आणि दाबपात्रे यांच्या तपासणीत माझी नोकरी गेली, त्यामुळे मी थांबलेल्या यंत्राविषयी लिहितो.

बाष्पक चालू असताना जितका झिजतो, तितकाच आणि पुष्कळदा त्याहून वाईट रीतीने तो निष्काळजीपणे थांबवल्यावर झिजतो. एका कारखान्यात वर्षभराहून अधिक काळ बंद असलेला बाष्पक सुरू करण्यापूर्वी आम्ही मॅनहोलचे झाकण उघडले. ओलावा शोषण्यासाठी आत ठेवलेल्या ट्रेमधील निळी सिलिका जेल पूर्ण गुलाबी झाली होती, म्हणजे ती किती महिन्यांपूर्वी निकामी झाली हे सांगण्याची सोय नव्हती. नोंदवहीत मात्र दर महिन्याला ‘तपासले, ठीक’ अशी एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने केलेली नोंद होती. टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात खालच्या बाजूच्या नळ्यांवर मसुरीच्या दाण्याएवढे खळगे दिसत होते. आम्ही त्यांच्यावर खडूने खुणा करत गेलो आणि शेवटी खुणा इतक्या झाल्या की नळ्या बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

पॅलिसेड्सची गोष्ट मला याच कारणासाठी ओळखीची वाटते. तेथील स्टीम जनरेटरमध्ये हजारो बारीक नळ्या आहेत. नळीच्या आत अणुभट्टीतून आलेले किरणोत्सारी पाणी आणि बाहेर टर्बाइनसाठी वाफ होणारे पाणी, आणि मध्ये असलेली पातळ भिंत म्हणजे एक महत्त्वाचा सुरक्षा अडसर. दीर्घ बंदीच्या काळात हे भांडे योग्य रसायने घातलेल्या पाण्याने भरून, प्राणवायू दूर ठेवून जपायचे असते. ज्याला आम्ही वेट ले-अप म्हणतो ते हेच. केंद्र मोडीतच निघणार असे ठरल्यावर ही काळजी तेथे घेतली गेली नव्हती. २०२४ मध्ये तपासणी झाली तेव्हा हजाराहून अधिक नळ्यांमध्ये ताण आणि गंज यांच्या संयुक्त परिणामाने पडलेल्या भेगांच्या खुणा आढळल्या. त्यानंतर आतून स्लीव्ह, म्हणजे नळीच्या आत बसणारी छोटी नळी, बसवून नळ्या दुरुस्त करण्याचा मार्ग निवडला गेला आणि ती पद्धत मान्य करायची की नाही हे नियामकाला स्वतंत्रपणे तपासावे लागले.

म्हणून परवानगी म्हणजे एक सही, असे चित्र मनातून काढावे. गुणवत्ता योजनेत ज्याला आपण होल्ड पॉइंट म्हणतो, तशा थांब्यांची ही मालिका असते : निरीक्षकाने पाहून मान्यता दिल्याखेरीज पुढचे काम करायचे नाही. आपल्याच जिल्ह्यात वालचंदनगरला अणुभट्ट्यांची मोठी पात्रे तयार झाली आहेत. अशा कामावर राबलेल्या कोणालाही हा शब्द अंगवळणी पडलेला असतो. इंधन भरणे, यंत्रणा तापवणे, साखळी प्रक्रिया सुरू करणे आणि शक्ती टप्प्याटप्प्याने वाढवणे, यांपैकी प्रत्येक ठिकाणी थांबून तपासावे लागते.

यंत्राइतकेच महत्त्व माणसांना आहे आणि हा भाग वर्तमानपत्रांत फारसा येत नाही. केंद्र बंद झाल्यावर नियंत्रण कक्षातील अनुभवी चालक दुसरीकडे जातात, त्यांचे व्यक्तिगत परवाने संपतात, सिम्युलेटर थांबतो. ते सगळे परत उभे करून चालकांची पुन्हा परीक्षा घ्यावी लागते. केबलचे आवरण, रबरी सील, व्हॉल्व्हचे मोटर यांचे वय बंदीच्या काळातही वाढतच असते, शिवाय त्या काळात कोणत्या वस्तूला हात लावला आणि कोणत्या वस्तूचा भाग काढून नेला याची कागदपत्रे अपुरी असली, तर यंत्र मूळ आराखड्याप्रमाणे आहे हे सिद्ध करणेच अवघड होऊन बसते.

भारतातील उदाहरण म्हणून गुजरातमधील काक्रापार अणुवीज केंद्राचा अभ्यास करावा. ११ मार्च २०१६ रोजी तेथील २२० मेगावॅटच्या पहिल्या युनिटमध्ये एका शीतक नलिकेतून जड पाण्याची गळती झाली. त्याआधीच्या वर्षी दुसऱ्या युनिटमध्येही तसेच घडले होते. फुटलेली नलिका बदलून केंद्र सुरू करणे हा झटपट मार्ग होता, पण तो घेतला गेला नाही. नलिका कापून बाहेर काढून तपासली गेली, तिच्याभोवती फिरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधील अशुद्धीमुळे बाहेरून स्थानिक गंज चढला होता हे निष्पन्न झाले, आणि दोन्ही अणुभट्ट्यांतील प्रत्येकी ३०६ नलिका बदलल्या गेल्या. दुसरे युनिट २०१८ मध्ये आणि पहिले २०१९ मध्ये, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या टप्प्याटप्प्याच्या संमतीनंतर, परत सुरू झाले. कारण कळल्याशिवाय सुरू करायचे नाही, ही शिस्त तेथे पाळली गेली आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

उत्तर : बोईसरहून पुण्यात आलेला

वरील दोन्ही उत्तरांत केंद्राच्या कुंपणाच्या आतले आले, बाहेरचे राहिले. माझे बालपण तारापूरच्या परिसरात गेले. आपत्कालीन सरावाच्या दिवशी गावात जीप फिरायची, ध्वनिक्षेपकावरून घराची दारे-खिडक्या बंद करण्यास सांगितले जायचे, आणि माझी आई हंडा-कळशीवर झाकण ठेवून आम्हा भावंडांना आतल्या खोलीत बसवायची. कुंपणाबाहेरच्या आपत्कालीन व्यवस्थेची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला तेव्हा हे सारे दफ्तर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेले असणार.

तारापूरला तिसरे आणि चौथे युनिट चालू असल्यामुळे सराव पूर्ण थांबला असे होत नाही. परंतु जेथे एकच अणुभट्टी आहे आणि ती बंद होते, तेथे आपत्कालीन योजना आकुंचित केली जाते, माणसे कमी होतात, शाळेतील शिक्षक बदलून जातात, नवी वस्ती येते. पुन्हा सुरू करण्याच्या परवानगीत नळ्यांची तपासणी जितक्या बारकाईने होते, तितक्याच बारकाईने या गोष्टीची व्हावी. सवलतीच्या मार्गाबद्दल वकीलसाहेबांनी जी नाराजी व्यक्त केली, तिचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच आहे : कसोट्या आधी जाहीर असतील तर शेजारचे गाव प्रश्न तयार ठेवू शकते.

कोथरूडचा वाचक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आईने हंड्यावर ठेवलेल्या झाकणाची आठवण मी आपली अनुमती गृहीत धरून गटात सांगणार आहे. माझ्या शेवटच्या शंकेला मात्र पूर्ण उत्तर मिळालेले नाही. आपल्याकडे नियामक आणि केंद्र चालवणारे यांच्यात पुरेसे अंतर आहे का?

शिवाजीनगरचा वकील

हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. आपले अणुऊर्जा नियामक मंडळ नोव्हेंबर १९८३ मध्ये १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली सरकारी आदेशाने स्थापन झाले. त्याने अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी असायचे आणि त्या आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव असायचे, ज्या विभागाखाली वीज केंद्रे चालवणारे महामंडळही येते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात या रचनेवर स्पष्ट बोट ठेवले होते. मंडळाला स्वतंत्र वैधानिक दर्जा देण्यासाठी २०११ मध्ये आणलेले विधेयक संमत न होताच बारगळले. तो दर्जा डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या, अणुऊर्जेविषयीच्या ‘शांती’ (SHANTI) नावाच्या कायद्याने दिला, आणि त्याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही या क्षेत्रात वाट मोकळी केली.

त्यामुळे पॅलिसेड्सचा प्रश्न आता आपल्याला परका राहिलेला नाही. सरकारी महामंडळ बंद युनिट वर्षानुवर्षे तसेच ठेवू शकते. राजस्थानातील रावतभाट्याच्या अणुवीज केंद्राचे पहिले युनिट २००४ पासून थांबलेले आहे आणि ते लगेच मोडीतही काढले गेले नाही. खासगी मालकाला मात्र थांबलेल्या दिवसागणिक खर्च मोजावा लागतो, आणि बंद केलेले केंद्र विजेचे दर चढताच परत मागण्याचा मोह त्यालाच अधिक होणार. या कायद्याखालील नियमावलीत ‘बंद’ केव्हा म्हणायचे, त्या काळात देखभालीचे किमान बंधन काय आणि परत येण्याचा अर्ज कोणत्या कसोट्यांवर तपासायचा, हे अर्ज येण्यापूर्वी लिहिले जावे, अशी सूचना मी लेखी पाठवणार आहे. चिंचवडच्या अभियंत्यांनी ले-अपचा परिच्छेद तांत्रिक भाषेत लिहून दिला तर तो तसाच जोडीन.

चिंचवडचा निवृत्त यंत्र अभियंता

रविवारपर्यंत देतो. त्यात एक अट घालणार आहे : बंदीच्या काळातील प्रत्येक मासिक नोंदीवर तपासणाऱ्याच्या सहीबरोबर मोजलेला आकडा हवा, पाण्यातील प्राणवायूचा असो वा आर्द्रतेचा. ‘ठीक’ हा शब्द चालणार नाही.